प्रशिक्षणानंतरची दोन वर्षे

‘प्रशिक्षण द्या, रोजगार मिळेल’ हे सूत्र बेरोजगारीच्या चर्चेत इतक्या सहजतेने मांडले जाते, की प्रशिक्षण आणि रोजगार यांमधील अंतर लक्षातच येत नाही. हे अंतर ‘ट्रायसेम’ने ठळकपणे दाखवून दिले. ग्रामीण युवकांना स्वयंरोजगाराचे प्रशिक्षण देणारी ही योजना १५ ऑगस्ट १९७९ रोजी सुरू झाली. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांतील १८ ते ३५ वयोगटातील दोन लाख युवकांना दरवर्षी प्रशिक्षित करण्याचे तिचे उद्दिष्ट होते. विद्यावेतनाचीही सोय होती. उणीव होती ती सांधेजोडीची. प्रशिक्षण एका यंत्रणेकडे, कर्ज दुसरीकडे आणि बाजारपेठ तर कोणाकडेच नाही! शिवणकाम शिकलेल्या तरुणीला यंत्रासाठी बँकेत खेटे घालावे लागत आणि तोवर शिकलेला हात मंदावत असे. काहींनी तर केवळ विद्यावेतनासाठी नाव नोंदविले. अखेर १ एप्रिल १९९९ रोजी ही योजना स्वर्णजयंती ग्राम स्वरोजगार योजनेत विलीन करण्यात आली.

याच काळात कर्नाटकातील उजिरे येथे, धर्मस्थळानजीक, एक वेगळा प्रयोग आकाराला येत होता. श्री. वीरेंद्र हेगडे यांच्या पुढाकाराने धर्मस्थळाचा शैक्षणिक न्यास, सिंडिकेट बँक व कॅनरा बँक यांनी १९८२ मध्ये ‘रुडसेटी’ ही संस्था स्थापन केली. येथे प्रशिक्षण निवासी, विनामूल्य आणि अल्पमुदतीचे असते. मोटार रिवाइंडिंग, दुग्धव्यवसाय, शिवणकाम यांसारख्या विषयांबरोबरच हिशेब ठेवणे, ग्राहकाशी बोलणे आणि बँकेचा अर्ज भरणे यांचेही शिक्षण दिले जाते. परंतु संस्थेचे खरे वैशिष्ट्य अभ्यासक्रम संपल्यानंतर दिसते. प्रशिक्षणार्थीचा सुमारे दोन वर्षे पाठपुरावा केला जातो. कर्ज अडले काय, दुकान चालले काय, याची विचारपूस होते. कर्ज देणारी बँकच प्रशिक्षणाची भागीदार असल्याने प्रमाणपत्र धूळ खात पडण्याची शक्यता कमी होते.

ग्रामीण विकास मंत्रालयाने २००९ मध्ये हाच नमुना ‘आरसेटी’ या नावाने जिल्ह्याजिल्ह्यांत नेण्याचे धोरण स्वीकारले. व्यवस्थापन बँकेचे, जमीन राज्य शासनाची आणि इमारतीसाठी केंद्राचे एक कोटी रुपयांपर्यंतचे साहाय्य, अशी त्याची मूळ रचना होती. (परीक्षार्थींचा येथे नेहमी गोंधळ होतो : ‘रुडसेटी’ ही मूळ संस्था, तर ‘आरसेटी’ हा तिच्या धर्तीवरील देशव्यापी कार्यक्रम.)

अर्थात प्रत्येक बेरोजगार उद्योजक होऊ शकत नाही. तशी अपेक्षा करणेही अन्यायाचे ठरेल. वेतनी रोजगारासाठी १९५० पासूनची शिल्पकारागीर प्रशिक्षण योजना व तिच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत, तसेच १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा आहे. कारखान्यात प्रत्यक्ष यंत्रावर काम केलेल्या उमेदवाराची पारख मालकाला आधीच झालेली असते, ही शिकाऊ पद्धतीची मोठी जमेची बाजू.

वेतनी रोजगारातही नेमणुकीचे पत्र हा शेवट नसतो. खेड्यातून शहरात गेलेला युवक काही आठवड्यांतच परततो, तो बहुधा कौशल्य अपुरे पडले म्हणून नव्हे. पहिला पगार हाती येण्यापूर्वी खोलीचे भाडे आणि खाणावळीचे पैसे भरावे लागतात, तेथे त्याचे पाऊल अडते. ही अडचण ओळखून, २०१४ मध्ये सुरू झालेल्या दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजनेच्या मार्गदर्शक तत्त्वांत नेमणुकीनंतर दरमहा १,००० रुपयांच्या साहाय्याची तरतूद करण्यात आली : नोकरी स्वतःच्या जिल्ह्यात असल्यास दोन महिने, राज्यात अन्यत्र असल्यास तीन आणि राज्याबाहेर असल्यास सहा महिने.