विदूषक माशाचा घरसंसार

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



या व्यासपीठावरून आजवर ज्ञानेश्वरीवर, नाट्यसंगीतावर, मराठ्यांच्या इतिहासावर विद्वानांची व्याख्याने झाली. त्या पंक्तीत माशांचा विषय घेऊन बसताना आम्हांस संकोच वाटणे साहजिक आहे. परंतु कार्यवाहांचा आग्रह असा पडला की, जो विषय पुस्तकात वाचला त्यापेक्षा ज्याच्यात संध्याकाळ जाते त्यावर बोलावे. केंद्र सरकारच्या चाकरीत आमचा दिवस फायलींत जातो. संध्याकाळ मात्र गेली आठ वर्षे काचपेट्यांसमोर जाते. त्या पेट्यांत समुद्रातले मासे आहेत, त्यांनी तेथे अंडी घातली आहेत आणि त्यांची पिल्ले याच जबलपुरात लहानाची मोठी झाली आहेत. ती कशी, एवढेच आज सांगावयाचे आहे.

इंग्रजीत ज्यास ‘क्लाऊन फिश’ म्हणतात त्यास आपण विदूषक मासा म्हणू. बोटाएवढी लांबी, नारिंगी अंग, त्यावर काळ्या कडांचे तीन पांढरे पट्टे आणि डुलत डुलत पोहण्याची चाल, नाव शोभते. याच्या सुमारे ३० जाती हिंदी महासागरात आणि पश्चिम प्रशांत महासागरात आढळतात. आपल्या देशात अंदमान-निकोबार, लक्षद्वीप आणि मन्नारचे आखात या भागांत विदूषक मासे आहेत. समुद्रपुष्प नावाचा जो प्राणी असतो, दिसावयास फूल परंतु स्पर्श होताच दंश करणारा, त्याच्या शुंडकांत हा मासा बिनधास्त राहतो. माशाच्या अंगावरील बुळबुळीत थरामुळे तो दंशापासून बचावतो. समुद्रपुष्प त्यास आसरा देते आणि तो समुद्रपुष्पाची राखण करतो.

याची कुटुंबव्यवस्था ऐकून आपल्यापैकी काहींना हसू येईल. एका समुद्रपुष्पावर जी टोळी राहते तिच्यात सर्वांत मोठी ती मादी. तिच्या खालोखाल तिचा नर. बाकीचे लहान मासे आपली पाळी येईपर्यंत खुरटलेलेच राहतात. मादी मेली की नर स्वतः मादी होतो आणि रांगेतील पुढचा मासा नर होतो. जर्मन जीवशास्त्रज्ञ हान्स फ्रिके यांनी १९७७ साली याविषयीचे निरीक्षण प्रसिद्ध केले. २००३ च्या ‘फाइंडिंग निमो’ या चित्रपटात आईवेगळ्या पिल्लाच्या शोधात निघालेला बाप आपल्या नातवंडांनी पाहिला असेल. निसर्गनियम पाळावयाचा तर तो बाप पुढे आई झाला असता! चित्रपटवाल्यांनी ते सोयीस्करपणे गाळले.

आता मुख्य प्रश्न. मासा बाजारात मिळतो, तर घरी विण घडवून आणण्याचा खटाटोप कशासाठी? उत्तर असे की, प्रवाळखडकांवरून धरून आणलेला मासा आपल्या दिवाणखान्यात येईपर्यंत वाटेत किती मासे मेले, याचा हिशेब कोणी देत नाही. फिलिपिन्ससारख्या देशांत तर मासे बधिर करण्यासाठी सायनाइड फवारण्याची प्रथा पडली. त्यात माशांबरोबर प्रवाळही जळते. आपल्याकडे प्रवाळांस १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाचे संरक्षण आहे, म्हणून जिवंत प्रवाळ पेटीत ठेवण्याचा मोह कोणी धरू नये. विदूषक मासा मात्र बंदिवासात विण देतो, हे त्याचे भाग्य आणि आपलेही. १९७० नंतरच्या दशकात फ्लोरिडात मार्टिन मो यांनी सागरी शोभिवंत माशांची पैदास व्यापारी प्रमाणावर करून दाखविली, त्यात हाच मासा अग्रभागी होता. आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने मंडपम आणि विळिंजम येथे त्याच्या पैदाशीचे तंत्र बसविले. महाराष्ट्रात ऐरोलीस कांदळवन प्रतिष्ठानाने राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरोच्या सहकार्याने शोभिवंत सागरी माशांचे बीजकेंद्र उभारले. तेथे विदूषक माशांची पिल्ले निपजतात आणि ती वाढविण्याचे काम किनाऱ्यावरील बचतगटांपर्यंत पोहोचविण्यात आले. आमचा आग्रह एवढाच की, मासा घ्यावयाचा तर बीजकेंद्रात जन्मलेला घ्यावा. तो समुद्राची चोरी करून आलेला नसतो आणि काचेच्या पेटीस तो जन्मापासून सरावलेला असतो.

आपली नर्मदा १,३१२ किलोमीटर वाहून खंबातच्या आखातास मिळते. आपण तिच्या उगमाच्या बाजूचे लोक. समुद्र आपल्यासाठी दूरच. म्हणून पहिले काम समुद्र करण्याचे. शुद्ध केलेल्या गोड्या पाण्यात लिटरास सुमारे ३५ ग्रॅम या मानाने सागरी मीठ विरघळवावे लागते. स्वयंपाकाचे मीठ येथे चालत नाही. विशिष्ट गुरुत्व १.०२० ते १.०२५ च्या दरम्यान, तपमान २६ ते २८ अंश आणि आम्लविम्ल निर्देशांक आठाच्या किंचित वर असावा. परंतु पाणी खारट झाले म्हणजे समुद्र झाला असे नव्हे. माशाच्या विष्ठेतून अमोनिया सुटतो आणि तो विषारी असतो. त्याचे रूपांतर प्रथम नायट्राइटमध्ये व मग बऱ्याच अंशी निरुपद्रवी नायट्रेटमध्ये करणारे जीवाणू दगडावाळूत व गाळणीत वसावे लागतात, आणि त्यांस चार ते सहा आठवडे लागतात. तोवर पेटी रिकामी दिसते. पाहुणे विचारतात, “मासे कोठे आहेत?” त्यांस सांगावे की, येथे अद्याप पाणी शिजत आहे.

जबलपूरचा उन्हाळा ही दुसरी कसोटी. मे महिन्यात पारा ४२-४३ वर जातो, पेटीचे पाणी तापते आणि आटते. आटते ते केवळ पाणी. मीठ मागे राहते. म्हणून रोजची भर गोड्या पाण्याची घालावयाची, खाऱ्या पाण्याची नव्हे. पेटीवर लहान पंखा लावला म्हणजे दोन-तीन अंशांचा उतार मिळतो. वादळी पावसात वीज जाते, त्यासाठी घटावर चालणारा हवेचा पंप हाताशी असावा. हिवाळ्यात उलट, पाणी तापविणारी कांडी लागते.

जोडी जमविणे सोपे आहे. लहानमोठी दोन पिल्ले एकत्र सोडली की मोठे ते कालांतराने मादी होते आणि धाकटे नर. मात्र विणीसाठी वर्षभर किंवा त्याहून अधिक थांबण्याची तयारी हवी. समुद्रपुष्प घरी सांभाळणे कठीण असते आणि त्यावाचून अडतही नाही. आमच्या जोडीस आम्ही कुंभाराकडची न रंगविलेली मातीची कुंडी आडवी ठेवून दिली. तेच तिचे घर झाले. कोळंबी, शिंपल्याचे मांस बारीक चिरून दिवसातून दोन-तीन वेळा द्यावे. विणीचे दिवस जवळ आले की दोघे मिळून कुंडीचा एखादा भाग तोंडाने घासून लख्ख करतात. आमच्या घरची मंडळी म्हणतात, सणाआधीचे सारवणच ते! मग मादी ओळीने अंडी चिकटवीत जाते आणि नर मागोमाग ती फलित करतो. दोन-तीन मिलिमीटर लांबीची, नारिंगी, शेकड्यांनी मोजावी इतकी अंडी असतात.

येथून पुढचा बहुतेक भार बापावर. तो परांनी अंड्यांवर पाण्याचा वारा घालतो, तोंडाने ती साफ करतो, मेलेली अंडी उचलून टाकतो. अंड्यांचा रंग गडद होत जातो. सहाव्या-सातव्या दिवशी प्रत्येक अंड्यात रुपेरी डोळ्यांची जोडी चमकू लागते. सातव्या किंवा आठव्या रात्री, दिवे मालवल्यानंतर तासा-दोन तासांत अंडी फुटतात.

श्रोतेहो, या ठिकाणी सर्व कसोटी आहे. बाहेर पडलेले पिल्लू तीन-चार मिलिमीटरचे, जवळजवळ पारदर्शक असते. त्याच्यापाशी शिदोरी फारच थोडी असते आणि दुसऱ्या दिवसापासून त्यास जिवंत खाद्य हवे असते. आर्टेमियाची नुकती जन्मलेली पिल्लेसुद्धा त्याच्या तोंडात मावत नाहीत. त्यास लागतात रोटिफर, म्हणजे मिलिमीटरच्या दशांश-दोन दशांश एवढे, पाण्यात गरगरणारे सूक्ष्म जीव. हे रोटिफर हिरव्या शेवाळाच्या पाण्यावर पोसावे लागतात आणि त्यांची भरपूर वाढ होण्यास दोन-तीन आठवडे जातात. म्हणजे अंडी दिसल्यावर तयारीस लागणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. जन्म व्हावयाच्या आधी घास तयार असला पाहिजे. अन्न आधी, पिल्ले मागाहून: या विद्येचे सारे शास्त्र आम्हांस या चार शब्दांत दिसते.

विणीच्या अपेक्षित संध्याकाळी आम्ही अंड्यांसह कुंडीच पाण्याखालून भांड्यात घेऊन संगोपनाच्या पेटीत ठेवतो. तेथे मूळ पेटीतलेच पाणी भरलेले असते, आणि बापाच्या परांऐवजी हवेच्या बुडबुड्यांची धार अंड्यांजवळून सोडलेली असते. पेटीच्या बाजूंस काळा कागद लावतो, कारण उजळ काचेवर पिल्ले धडका घेतात. दिवा मंद, पाणी किंचित हिरवे, आणि मिलिलिटरमागे दहाएक रोटिफर असे प्रमाण राखतो. तळाचा केर रोज पातळ नळीने ओढून घेतो आणि तेवढेच पाणी थेंबाथेंबाने भरतो. पाचव्या-सहाव्या दिवसापासून रोटिफरांबरोबर आर्टेमिया सुरू होतो. आठव्या ते बाराव्या दिवसांच्या सुमारास एक नवल घडते: भिरभिरत तरंगणारे पिल्लू तळाकडे उतरते आणि डोक्यामागे पहिला पांढरा पट्टा उमटू लागतो. समुद्रात याच सुमारास ते लाटांवरचे वाहणे संपवून आपला खडक शोधते. येथपर्यंत जे पोहोचले ते बहुधा जगते.

आमच्या घरच्या पहिल्या दोन विणींतील एकही पिल्लू पाचव्या दिवसापलीकडे गेले नाही. तिसऱ्या विणीची एकेचाळीस बोटुकली झाली. या अंकांत आम्हांस अभिमान वाटावा असे काही नाही. समुद्रात तर शेकड्यांतील एखादेच टिकत असावे. परंतु चौथ्या दिवशी सकाळी पेटीच्या तळाशी पांढरी धूळ दिसते, आणि ती धूळ नव्हे हे आपणांस ठाऊक असते, तेव्हा मन खट्टू होतेच. असा छंद करणाऱ्याने ते मानून चालावे आणि रोटिफरांची बादली मात्र रिकामी होऊ देऊ नये.

पुष्कळजण विचारतात की, वाढलेली पिल्ले ग्वारीघाटावर नर्मदेत सोडून पुण्य का घेत नाही? खाऱ्या पाण्यातील मासा गोड्या पाण्यात जगत नाही. ते पुण्य नव्हे, हत्याच होईल. पेटीतील कोणताच मासा नदीत सोडू नये, कारण परका मासा जगला तरी नदीतल्यांचा घास काढतो, आणि रोगही पसरवितो. नर्मदेची सेवाच करावयाची तर तिच्या स्वतःच्या महाशीर माशाकडे पाहावे. इकडे त्यास बाडस म्हणतात. २०११ साली मध्य प्रदेशाने त्यास राज्यमत्स्याचा मान दिला, परंतु वाहते पाणी आणि गोट्यांचा तळ ज्यास हवा त्या माशाचे दिवस धरणांनी कठीण केले आहेत. त्याची पिल्ले वाढविण्याचे प्रयत्न होत आहेत, आणि तेथेही सूत्र तेच: पहिले दिवस आणि पहिला घास.

काचेत जीव कोंडणे योग्य काय, असाही प्रश्न येतो. आम्ही तो हसण्यावारी नेत नाही. मनूच्या ओंजळीत आलेल्या माशाची कथा आपणां सर्वांस ठाऊक आहे. मनूने त्यास आधी घटात, मग तळ्यात, मग गंगेत आणि अखेर समुद्रात नेले. मासा वाढेल तसे पात्र वाढविले. पाळणाराचा धर्म त्या कथेत सांगितला आहे. जीव आपल्या हाती आला की त्याच्या मापाचे घर देणे आपल्याकडे लागते. विदूषक मासा वीस वर्षांहून अधिक जगू शकतो. तेवढा काळ निभावण्याची तयारी नसेल त्याने पेटी आणू नये.

मंडळाच्या पन्नासाव्या वर्षी या विषयाचा एक धागा आम्हांस जवळचा वाटतो. आपणही समुद्रापासून दूर, म्हणजे महाराष्ट्रापासून दूर, आपल्या भाषेचे पाणी घरी तयार करीत आलो. ते रोज आटते आणि रोज भरावे लागते. येथे जन्मलेल्या मुलांनी मराठी वाचावे असे वाटत असेल, तर त्यांच्या तोंडात मावेल असे पुस्तक त्यांना अक्षरे लागण्याच्या आधी ग्रंथालयात असावयास हवे. मंडळाच्या कार्यकारिणीने बालविभागासाठी या वर्षी स्वतंत्र तरतूद करावी, अशी आमची नम्र सूचना आहे.

आमच्याकडे सध्या सतरा बोटुकली वाढत आहेत. ज्यांना जोडी हवी असेल त्यांनी अवश्य यावे. मोबदला काही नाही. अट एकच: पेटीतील पाणी सहा आठवडे आधी भरलेले असावे, आणि आम्ही ते येऊन पाहू.