पाचोळ्याखालचे जीवन
(निसर्ग-परिचय शिबिरातील भाषणाचा संपादित अंश)



नागझिऱ्याला १९७० मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला. २०१३ पासून ते नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात आहे. तेथे जाणारा प्रत्येकजण विचारतो, वाघ दिसेल का? फाल्गुनात जाणाऱ्यांना मी म्हणतो, आधी पायांखाली पाहा.

पळस फुलला की मैना आणि सूर्यपक्षी मधासाठी येतात. ओढ्याकाठच्या ओल्या वाळूवर फुलपाखरे थव्याने बसून क्षार शोषतात. सकाळी ऊन चढू लागताच जा. पंखांना ऊब मिळाल्यावाचून ती उडत नाहीत. आपली सावली मात्र त्यांच्यावर पडू देऊ नका.

याच दिवसांत मोहफुले गळू लागतात. ती वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटविला जातो. आग पसरते, पाचोळ्यातील कोष, कीटक आणि जमिनीवर घरटे करणाऱ्या पक्ष्यांची अंडी भस्मसात होतात. वेचणाऱ्याला दोष देणे सोपे आहे. पण त्याच्या घरचे मीठ-मिरची त्या फुलांवर चालते. पाचोळा झाडून बाजूला सारला किंवा झाडाखाली जाळी अंथरली, तर मोहही मिळतो आणि वनही वाचते.

गोंदियाच्या भातबांध्यांतील सारसांची घरटी शेतकऱ्यांनीच राखली आहेत. सारस डोळ्यांत भरतो, कोष भरत नाही, एवढाच फरक. म्हणून यंदा वनात जाताना दुर्बिणीसोबत एक जाळीही न्या, आणि मोहाखाली ती स्वतः अंथरून द्या.