धीर देणारं पुस्तक निवडताना

(उपवासकाळातील व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



उपवासकाळ लागला की चर्चच्या आवारात पुस्तकांचं टेबल लागतं. उपासना आटोपून बाहेर आलेली माणसं दोन-चार पुस्तकं चाळतात, मुखपृष्ठावर सूर्योदय असलेलं एखादं उचलतात आणि आजारी नातेवाइकाच्या उशाशी नेऊन ठेवतात. हेतू चांगलाच असतो. पण औषध देताना आपण दहा प्रश्न विचारतो, आणि पुस्तक देताना मात्र एकही नाही. माझं आजचं बोलणं त्या प्रश्नांबद्दल आहे.

सी. एस. लुईस हे नाव तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. 1940 मध्ये त्यांचं ‘द प्रॉब्लेम ऑफ पेन’ आलं. देव चांगला आहे, सर्वसमर्थ आहे, मग जगात वेदना का, या प्रश्नाची त्यांनी तिथे नेटकी, तर्कशुद्ध मांडणी केली. पुढे 1960 मध्ये त्यांची पत्नी जॉय कर्करोगाने गेली. त्या काळात वह्यांमध्ये जे उतरलं ते 1961 मध्ये ‘अ ग्रीफ ऑब्झर्व्ड’ म्हणून छापलं गेलं, तेही एन. डब्ल्यू. क्लर्क या टोपणनावाने. इथे मांडणीबिंडणी काही नाही. देव गप्प का, ही तक्रार आहे, चिडचिड आहे, कालचं म्हणणं आज खोडून काढणं आहे. लेखक तोच आणि श्रद्धाही तीच. कॉलेजात वाद घालणाऱ्या शंकेखोर मुलाला पहिलं पुस्तक जरूर द्या. ज्या घरात नुकती मयत झाली आहे तिथे ते नेऊ नका. दुसरं न्या, आणि तेही पहिल्या आठवड्यात नको.

माझी कसोटी एवढीच आहे: लेखक वाचणाऱ्याला रडायला वेळ देतो का? स्तोत्रसंहितेत 150 स्तोत्रं आहेत आणि त्यांत गाऱ्हाण्यांची संख्या थोडीथोडकी नाही. बहुतेक गाऱ्हाणी शेवटी भरवशाकडे वळतात. अठ्ठ्याऐंशीवं मात्र वळतच नाही. ते अंधारात सुरू होतं आणि अंधारातच संपतं. ज्यांनी पवित्र शास्त्र जपलं त्यांना ते काढून टाकावंसं वाटलं नाही. मग आपल्या मननाच्या पुस्तिकांना प्रत्येक पान सहाव्या ओळीपर्यंत गोड करायची एवढी घाई का?

पुस्तक विकत घेण्यापूर्वी टेबलाशी उभ्या उभ्या करता येईल अशी एक परीक्षा सांगतो. यिर्मयाच्या एकोणतिसाव्या अध्यायातलं अकरावं वचन शोधा. देवाच्या मनात तुमच्या हिताचे संकल्प आहेत, या आशयाचं ते वचन कॅलेंडरांवर आणि चहाच्या मगांवरसुद्धा असतं. ते लिहिलं गेलं बाबेलमध्ये धरून नेलेल्या लोकांना. त्याच्या आधीच्याच, दहाव्या वचनात सत्तर वर्षांची मुदत सांगितली आहे. म्हणजे पत्र ऐकणाऱ्या बहुतेकांना परत जाणं दिसणारच नव्हतं. त्याच पत्रात, घरं बांधा, बागा लावा, मुलाबाळांची लग्नं करा, असंही सांगितलं आहे. लेखक त्या सत्तर वर्षांविषयी एक वाक्य तरी लिहितो का, ते पाहा. फिलिप्पैकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायातलं तेरावं वचनही असंच तपासा. त्याच्या मागेपुढे भूक आणि टंचाई आहे, आणि लिहिणारा पौल बंदिवासात आहे. परीक्षेत पहिला नंबर किंवा धंद्यात बरकत असा त्याचा अर्थ कुणी काढत असेल, तर पुस्तक सरळ खाली ठेवा. अशा पुस्तकांनी आजाऱ्याला धीर तर मिळत नाहीच, उलट आपला विश्वासच कमी पडला असं त्याला वाटू लागतं. हा अपराध आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

रोजच्या मननाच्या पुस्तकांत ऑस्वाल्ड चेंबर्स यांचं ‘माय अटमोस्ट फॉर हिज हायेस्ट’ फार प्रसिद्ध. चेंबर्स 1917 मध्ये इजिप्तमध्ये, सैनिकांत काम करत असताना वारले. ते पुस्तक त्यांनी लिहिलंच नाही. त्यांची पत्नी बिडी हिने लघुलिपीत टिपलेल्या व्याख्यानांतून वेचे निवडले आणि 1927 मध्ये छापले. म्हणून त्यातली पानं कधी कधी एकदम मध्येच सुरू होतात. कडक पुस्तक आहे, खचलेल्याला देण्यासारखं नाही. लेटी काउमन यांचं ‘स्ट्रीम्स इन द डेझर्ट’ 1925 चं. नवऱ्याच्या प्रदीर्घ आजारपणात त्यांनी जमवलेले उतारे त्यात आहेत. भाषा थोडी पाणावलेली आहे, पण आजाऱ्याच्या खोलीतली जाग त्या पानांना आहे.

आणि आपलं काय? अनुवादित पुस्तिकांचं मराठी मोठ्याने वाचून बघा. आजीला एकदा ऐकवून कळलं नाही, तर घेऊ नका. ही काळजी आपल्याकडे फार पूर्वी घेतली गेली आहे. पंडिता रमाबाईंनी खेड्यातल्या बाईला समजावं म्हणून मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल सोप्या मराठीत आणलं आणि ते त्यांच्या केडगावच्या मुक्तिसदनातल्याच छापखान्यात, तिथल्या बायकामुलींच्या हातून छापलं गेलं. जुलै 1921 मध्ये त्यांची मुलगी मनोरमा गेली. रमाबाईंनी काम सोडलं नाही, आणि एप्रिल 1922 मध्ये त्याही गेल्या. अलीकडचं हवं असेल तर वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं ‘सुबोध बायबल’ आहे.

पण मला एकच पुस्तक निवडायला सांगितलं तर मी ‘स्मृतिचित्रे’ निवडेन. लक्ष्मीबाई टिळकांच्या या आत्मचरित्राला कुणी मननाचं पुस्तक म्हणत नाही. ते मराठी वाङ्मयाच्या कपाटात असतं. नवरा 1895 मध्ये ख्रिस्ती झाला, ही माहेरी. लोकांचे टोमणे, पदरात लहान मूल, पुढे काय याचा पत्ता नाही. काही वर्षांनी नवऱ्याकडे परतल्या त्याही आपलं सोवळं सांभाळून, आणि बाप्तिस्मा घेतला तो 1900 मध्ये, स्वतःचं स्वतःला पटल्यावर. एवढं सगळं सांगताना बाई हसवतात, नवऱ्याच्या विसराळूपणाची मजा घेतात, स्वतःलाही सोडत नाहीत. उपदेश जवळजवळ नाहीच. महिनोन्‌महिने अंथरुणावर असलेल्या माणसाला रोज चार पानं वाचून दाखवावीत असं हे पुस्तक आहे.

बाहेरच्या टेबलावर ते आज नाही, मी येताना पाहिलं. संयोजकांना विनंती आहे की पुढच्या रविवारपर्यंत त्याच्या निदान पाच प्रती मागवाव्यात, आणि एक मंडळीच्या ग्रंथालयाला द्यावी. तिचे पैसे मी देईन.