निळीची नक्षी

लखनौला अमीनाबादच्या बाजारात चिकनकारीचा कुर्ता घेणाऱ्याला पांढरी वेलबुट्टी तेवढी दिसते. भरतकामापूर्वी लाकडी ठशाने कापडावर उठविलेली निळी नक्षी त्याच्या दृष्टीस पडत नाही. सुई त्या रेषांवरून चालते. काम संपले की नीळ धुतली जाते.

संगणकाच्या पडद्यावर एखादी वस्तू ओढून नेताना जे पुसट चित्र माउसच्या बाणाबरोबर सरकते, तेही असेच कामापुरते. ओढणे सुरू होताच ब्राउझर उचललेल्या वस्तूची छबी घेतो. मूळ वस्तू पुढे बदलली तरी छबी बदलत नाही. दुकानदाराने यादीतले दहा कुर्ते निवडून ओढावेत आणि छबीत एकच दिसावा, मग उरलेले नऊ आले की राहिले, हे त्याने कसे ओळखावे?

यासाठी ‘सेटड्रॅगइमेज’ या आज्ञेने स्वतःचे चित्र देता येते. मात्र ते ओढण्याच्या आरंभीच द्यावे लागते, म्हणून पडद्याच्या कडेबाहेर आधीच मांडून ठेवतात. कुर्त्याच्या छबीवर दहाचा आकडा घातला, की पुरे. हौशी मंडळी त्यावर सावल्या नि रंग चढवितात, आणि वस्तू जिथे ठेवायची ती जागाच झाकून टाकतात.