भिंत पांढरी करण्याआधी
(माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



ओळख करून देताना 'संगणक क्षेत्रातल्या' असा माझा उल्लेख झाला, त्यामुळे आता कृत्रिम बुद्धिमत्तेवर काहीतरी ऐकावं लागणार अशी धास्ती मागच्या दोन रांगांमध्ये दिसते आहे. घाबरू नका. मी भिंतींवर बोलणार आहे. संध्याकाळच्या सभेत शाळेच्या कुंपणभिंतीच्या सुशोभीकरणाचा ठराव येतो आहे आणि त्याआधी मला पंधरा मिनिटं मिळाली आहेत.

भिंतीवर लिहिणं हा वात्रटपणा, हे आपण याच शाळेत शिकलो. बाकावर कर्कटकाने नाव कोरलं म्हणून इथल्या काही जणांनी छड्याही खाल्ल्या आहेत. नावं घेत नाही, ती बाकांवर आहेतच. पण जग आता भिंतींकडे निराळ्या नजरेने बघतं. मुंबईत २००९ साली तुळशी पाइप रोडवरच्या, म्हणजे सेनापती बापट मार्गावरच्या, रेल्वेच्या लांबलचक भिंतीवर शेकडो साध्या माणसांनी हातात ब्रश घेऊन चित्रं काढली. २०१४ साली वांद्र्याला टेलिफोनच्या उंच इमारतीवर रणजित दहिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दादासाहेब फाळके रंगवले. २०१७ साली ससून डॉकच्या जुन्या गोदामांमध्ये देशोदेशींचे कलाकार येऊन काम करून गेले आणि मासळीच्या वासाला नाक मुरडणारे लोक ते बघायला रांगा लावून उभे राहिले. मीही गेले होते. सुंदरच होतं. परतताना मनात आलं, की हे बघायला आपण तिकडे जातो, आणि नारायणगाव ते मंचर रस्त्यावरच्या भिंती आपण कधी बघितल्याच नाहीत.

भिंतीवर नाव लिहिण्याच्या या नव्या वेडाची सुरुवात सांगताना हमखास न्यूयॉर्कच्या एका पोराचं नाव घेतलं जातं. पाकिटं पोहोचवण्याचं काम करणारा हा पोरगा जाईल तिथे आपलं घरचं नाव आणि आपल्या रस्त्याचा नंबर लिहायचा: टाकी १८३. १९७१ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने त्याच्यावर बातमी छापली आणि मग शहरभर पोरांनी मार्कर उचलले. हा टाकी ग्रीक घरातला होता.

आता आपल्या जुन्नरला या. इथल्या लेण्यांमध्ये दोन हजार वर्षांच्या आसपासचा ब्राह्मी लिपीतला एक छोटासा लेख आहे. इरिल नावाच्या यवनाने दोन पोढ्या दान दिल्या, एवढंच त्यात आहे. यवन म्हणजे त्या काळच्या बोलीत ग्रीक, पश्चिमेकडचा. पोढी म्हणजे डोंगरात खोदलेलं पाण्याचं टाकं. म्हणजे न्यूयॉर्कच्या टाकीच्या दोन हजार वर्षं आधी एक ग्रीक आपल्या डोंगरावर टाकी बांधून आणि टाकीने नाव कोरून गेला होता! हा योगायोग माझ्याआधी कुणाच्या लक्षात आला असेल तर त्यांनी चहाच्या वेळी सांगावं.

इतिहासाच्या सरांच्या भुवया वर गेल्या आहेत. सर, शिलालेख आणि टवाळ पोरांचं लिखाण एक नाही, हे मला मान्य आहे. शिलालेखामागे दान आहे, परवानगी आहे, शिकलेला कोरक्या आहे. पण मला दोन्हींत एक गोष्ट सारखी दिसते: येणाऱ्या-जाणाऱ्याने वाचावं म्हणून उघड्यावर लिहिलेलं नाव. आणि आपल्या लेण्यांत ही नावं फक्त राजांची नाहीत. चैत्यगृह देणारा कल्याणचा सुलसदत्त आहे. क्षत्रप नहपानाचा अमात्य अयम आहे. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचं लेणं आणि एक पोढी दिली असा लेख आहे. आजच्या भाषेत सांगायचं तर मार्केट यार्डातल्या आडत्यांनी मिळून वर्गणी काढली आणि बोर्ड लावला. आपल्या शाळेच्या पाण्याच्या टाकीवरची संगमरवरी पाटी बघा, मजकूर तोच आहे.

नाणेघाटातली गुहा तर सगळ्यांनी सहलीत बघितली आहे, म्हणजे तिच्यात बसून डबा खाल्ला आहे. त्या गुहेच्या मागच्या भिंतीवर एके काळी सातवाहन घराण्यातल्या माणसांच्या मूर्ती कोरलेल्या होत्या. प्रत्येक मूर्तीच्या डोक्यावर नाव: सिमुक, सातकर्णी आणि राणी नागनिका, राजकुमार. मूर्ती फुटून गेल्या, पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या, आणि वरची नावं मात्र अजून वाचता येतात. बाजूच्या भिंतींवर नागनिकेच्या लेखात यज्ञांचा आणि दक्षिणेचा हिशेब आहे आणि तो आकड्यांमध्ये आहे. शून्य नाही, स्थानाची किंमत नाही. हजाराला एक वेगळी खूण आणि तिलाच चाराची खूण जोडली की चार हजार. आपल्या जोडाक्षरासारखंच. रोज आकड्यांशी खेळून पोट भरणाऱ्या माझ्यासारखीला त्या भिंतीसमोरून हलवत नाही. आपल्या देशातल्या सगळ्यात जुन्या लिखित आकड्यांपैकी हे आकडे आहेत आणि ते माझ्या माहेरच्या तालुक्यात आहेत.

आता थोडं खाली, रस्त्यावर उतरू. आपल्या लहानपणी गावात शिरलं की भिंती बोलायच्या. देवीचा रोगी कळवणाऱ्याला हजार रुपये बक्षीस, ही जाहिरात मी शाळेत असताना अजून एका वाड्याच्या भिंतीवर पुसट दिसायची. देशातला देवीचा शेवटचा रोगी १९७५ साली सापडला होता, तरी भिंतीने बक्षीस मागे घेतलं नव्हतं. कुटुंब नियोजनाचा लाल त्रिकोण, बियाण्याच्या कंपन्या, विडी, सिमेंट, निवडणुकीची चिन्हं, आणि एकाच भिंतीवर हे सगळं एकावर एक. खालचा रंग वरच्या चुन्यातून डोकवायचा. पावसाळ्यानंतर तर मागच्या तीन निवडणुका एकदम वाचता यायच्या.

हे लिहिणारे पेंटर आपण बघितलेले आहेत. नीळ लावलेली सुतळी दोघांनी ताणून धरायची, मधेच उचलून सोडायची, की भिंतीवर सरळ रेघ. खडूने अक्षरांचा अंदाज, मग चपट्या ब्रशने एका हातात अक्षर, आणि सगळ्यात शेवटी उजव्या कडेला शेड मारली की अक्षर भिंतीतून उठून उभं राहायचं. नारायणगावला चैत्रात तमाशाच्या राहुट्या लागायच्या, गावोगावचे पंच यात्रेची सुपारी द्यायला यायचे, तेव्हा फडांच्या कापडी फलकांवर आणि ट्रकांवर जी अक्षरं असायची ती आठवा. विठाबाईंच्या गावात अक्षरालासुद्धा ठसका होता. लिहिणाऱ्याचं नाव खाली कोपऱ्यात, बोटभर उंचीचं, आणि पुढे गावाचं नाव.

माझ्या धंद्यातली एक गंमत सांगते. 'दऱ्या', 'वाऱ्यावर' या शब्दांतला तो पापणीसारखा अर्धा र आम्हा संगणकवाल्यांना धड दाखवता येईपर्यंत बरीच वर्षं गेली. एका फाँटमधला मजकूर दुसऱ्यात नेला की त्याची भाजी व्हायची, आणि तीच भाजी मोठी करून फ्लेक्सवर छापून चौकात टांगली जायची. पेंटरने तो र कधी चुकवला नाही. त्याला ऱ्हस्व-दीर्घाची पर्वा नव्हती हे मराठीच्या बाई सांगतील, पण अक्षराची होती. फ्लेक्स आला आणि सहा-सात वर्षांत ही माणसं रंगकामाला लागली किंवा शेतावर परतली. फ्लेक्सला मी वाईट म्हणत नाही. स्वस्त आहे, एका रात्रीत होतो, वाढदिवस उद्या असेल तर दुसरा इलाज नाही. पण पुढच्या पावसात तो कांद्याच्या चाळीवर जातो, आणि त्याच्याखालून काहीच डोकवत नाही.

सगळं भिंतीवरचं लिखाण मी डोक्यावर घेते आहे असंही नाही. शिवनेरीवर, लेण्याद्रीला, नाणेघाटात दगडावर बदाम काढून दोन नावं कोरणाऱ्यांचं कौतुक मला नाही. राष्ट्रीय संरक्षित स्मारक विद्रूप केल्याबद्दल २०१० च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड आहे, तो कुणी भरल्याचं आपल्या बघण्यात नाही ही गोष्ट वेगळी. इरिलाने नाव लिहायच्या आधी दोन टाकी खोदून दिली. हे एवढं साधं माप मला पुरतं. काय दिलंस, आणि कुणाच्या भिंतीवर लिहितोस? शिवाय एकाने दुसऱ्याचं लिहिलेलं खोडून वर आपलं कोरावं, याच्याइतकं दरिद्री काही नाही.

आणि इथेच मी ठरावावर येते.

समितीने भिंतीसाठी मनापासून धावपळ केली आहे, दरपत्रकं मागवली आहेत. ठरावानुसार जुना रंग खरवडून भिंत पांढरी करायची आणि तिच्यावर छापील पत्रे बसवायचे: थोर पुरुष, शाळेचं बोधचिन्ह, देणगीदारांची नावं. यादीत माझंही नाव आहे, मोठ्या अक्षरात. उत्तरेकडच्या भिंतीवर आज काय आहे ते समितीतल्या तरुण मुलांना ठाऊक नसेल, कारण आता तिच्यासमोर सायकली लागतात. तिथे आपल्या चित्रकलेच्या सरांनी आठवी-नववीच्या मुलांना घेऊन जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांचा नकाशा काढला होता. पत्र्याच्या डब्यात रंग कालवून, दिवाळीच्या सुट्टीत. कुकडी, मीना, पुष्पावती, घोड, चारही नद्या निळ्या. शिवनेरी, हडसर, चावंड, जीवधन गेरूने. गावांची नावं त्या-त्या गावच्या मुलांनी स्वतः लिहिली, म्हणून सगळी अक्षरं वेगवेगळी आहेत आणि दोन ठिकाणी नाव रस्त्यावर चढलं आहे. सर म्हणाले होते, असू द्या.

त्या नकाशात घोड नदीच्या काठावर आंबेगाव आहे. ज्या गावाचं नाव आपल्या तालुक्याला आहे ते गाव. कचेरी घोडेगावला, बाजार मंचरला, आणि मूळ आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली. आज सरकारी नकाशा उघडा किंवा मोबाइलवरचा उघडा, तिथे निळा रंग आहे आणि त्यावर हुतात्मा बाबू गेनू सागर हे नाव आहे. ते नाव योग्यच आहे. म्हाळुंगे पडवळचा तो गिरणी कामगार १९३० साली मुंबईत परदेशी कापडाच्या ट्रकपुढे आडवा झाला. पण आपल्या भिंतीवर अजून गाव आहे. आपल्या वर्गातल्या एका मुलीने ते लिहिलं आहे, तिच्या आजोबांचं घर त्या गावात होतं. 'आंबेगाव'मधला 'गा'चा काना जरा लांब आहे, तिला जागा उरली होती. ती आज इथे बसली आहे. मी तिला विचारूनच हे सांगते आहे.

म्हणून माझी उपसूचना अशी. उत्तरेकडची भिंत खरवडू नये. बाकीच्या तीन बाजूंना समितीला हवं ते लागू द्या, माझी हरकत नाही. जिथे पोपडे धरले आहेत तिथे आधी चांगल्या उजेडात फोटो काढून ठेवायचे; ते काम आणि ते फोटो नीट जपून ठेवण्याची जबाबदारी माझी. मग जुन्या रेघेवरूनच रंग भरायचा, अक्षर न सुधारता. भिंत वरून झिरपते आहे, तेव्हा आधी माथ्यावर पाऊस अडवणारी ताकदार फरशी बसवावी लागेल, नाहीतर दोन पावसाळ्यांत पुन्हा तेच. मंचरचे एक जुने पेंटर अजून ब्रश धरतात, त्यांच्याशी बोलणं झालं आहे. त्यांची एकच अट आहे: मदतीला आठवीतली चार मुलं पाहिजेत आणि मजुरी रोजच्या रोज. देणगीदारांच्या यादीतून माझं नाव काढून ते पैसे या कामाला वळवले तरी चालतील. नावाशिवाय राहवलंच नाही, तर कोपऱ्यात, बोटभर उंचीचं.

धरणं मात्र नकाशात नाहीत, आणि नव्या मुलांना ती दिसायला हवीत, असं भूगोलाच्या बाईंचं म्हणणं आहे आणि ते बरोबर आहे. माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे, डिंभे. त्यांच्या कडा फक्त तुटक रेघेने दाखवता येतील, म्हणजे पाणीही दिसेल आणि खालचं गावही वाचता येईल. सरांनी याला होकार दिला आहे, ते पुढच्याच रांगेत आहेत, त्यांनाच विचारा.

विषय पत्रिकेवर चौथा आहे. जेवणं झाली की सभेआधी तिकडे एक चक्कर मारा. सायकली मी सकाळीच हलवून घेतल्या आहेत.