पोवळ्यांच्या सोबतीला दहा दिवस

पोवळं म्हटलं की आपल्याला अंगठीतला तांबडा खडा आठवतो. पण पोवळं हा खडा नव्हेच. समुद्रातल्या एका चिमुकल्या प्राण्याने बांधलेलं ते घर आहे. या प्राण्याला पॉलिप म्हणतात. नळीसारखं मऊ अंग, वर एकच तोंड आणि तोंडाभोवती बारीक सोंडांची झालर. पुष्कळ जातींत एकेक पॉलिप ज्वारीच्या दाण्याएवढाच असतो. पण हजारोंनी एकत्र राहून, अंगाखाली चुन्याचे थर रचून, हे प्राणी समुद्रात मैलोगणती भिंती उभारतात.

असे पॉलिप घरात, काचेच्या टाकीतही पाळता येतात. जकार्ताच्या ली चिन एंग या गृहस्थांनी समुद्रातले जिवंत खडक, सूर्यप्रकाश आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर ते साधलं होतं. १९६१ साली त्यांनी आपली रीत लिहून प्रसिद्ध केली.

माझा धाकटा भाऊ जर्मनीत नोकरीला असतो. त्याच्याकडे अशी २०० लिटरची टाकी आहे. त्यातली पोवळी समुद्रातून तोडून आणलेली नाहीत. आपण उसाचं बेणं लावतो, तसा पोवळ्याचा तुकडा दगडाला चिकटवला की तो वाढतो. तिकडचे हौशी लोक हे तुकडे एकमेकांना देतात.

मी त्याच्याकडे गेलो असता घरची मंडळी दहा दिवस परगावी गेली. जाताना भाऊ म्हणाला, "दादा, टाकीतलं पाणी रोज थोडं उणावतं. काचेवर रेघ आहे, तिथवर कॅनमधलं पाणी भरत जा." कॅन होते दोन. एक शुद्ध केलेल्या गोड्या पाण्याचा, दुसरा खाऱ्या पाण्याचा. कोणता घ्यायचा, हे मी विचारलं नाही. समुद्राचा प्राणी, तेव्हा खारं पाणी, असा मी आपल्याशी हिशेब केला.

चार दिवसांनी पॉलिपांनी सोंडा आत घेतल्या. मला वाटलं, झोपले असतील. दहाव्या दिवशी एका तुकड्याचं मांस सुटून पांढरा सांगाडा दिसू लागला, तेव्हा मात्र माझं धाबं दणाणलं. मी भावाला फोन केला. तो क्षणभर गप्प राहिला, मग म्हणाला, "दादा, वाफ पाण्याची झाली. मीठ कुठे गेलं होतं?"

श्रोतेहो, मी रसायनशास्त्र शिकवतो! मिठागरात पाणी उडून जातं आणि मीठ खाली राहतं, हे पोरालाही ठाऊक आहे. त्या पाण्यात दर लिटरला ३५ ग्रॅम मीठ होतं, म्हणजे टाकीत सात किलो. रोज दोन लिटरप्रमाणे दहा दिवसांत मी आणखी ७०० ग्रॅम घातलं. लिटरमागे ३५ चे ३८.५ ग्रॅम झाले.

घाबरून मी गोड्या पाण्याचा कॅन उचलला. भाऊ ओरडला, "एकदम ओतू नको! चढलं सावकाश, उतरवायचंही सावकाशच." मग आम्ही रोज थोडं खारं पाणी काढून तेवढंच गोडं घालत गेलो. आठवड्याने सोंडा पुन्हा बाहेर आल्या. तो एक तुकडा मात्र गेला तो गेलाच.

तेव्हा मला कळलं, की पॉलिपला लाड नको असतात, स्थैर्य हवं असतं. त्याच्या अंगात एकपेशी शैवाल राहतं. ते उजेडात साखर तयार करतं आणि तिच्यावर पॉलिपचं बहुतेक पोट भरतं. म्हणून दिवा हवा; पण नव्या तुकड्याला प्रखर उजेड एकदम दाखवायचा नाही. सावलीतलं रोप आपण हळूहळू उन्हाला सरावतो, तसंच हे. पाणी हलतं हवं, पण एकाच बाजूने सतत मारा नको. उष्णतामान २५-२६ अंशांवर टिकवायचं. साबणाचा हात पाण्यात घालायचा नाही, आणि तांब्याचा अंश तर पॉलिपला विषच.

उष्णता फार वाढली, की पॉलिप हे शैवाल बाहेर टाकतो. मग पोवळं पांढरं पडतं, आणि ताण टिकला तर उपासमारीने मरतं. समुद्रातही हेच घडतं. नेहमीच्या कडक उन्हाळ्याहून पाणी एखादा अंश जास्त तापून काही आठवडे तसंच राहिलं, की पुरे होतं. आपल्या लक्षद्वीपमध्ये १९९८, २०१० आणि २०१६ साली पोवळी अशी पांढरी पडली. टाकीतली चूक आम्ही आठवड्यात सुधारली. समुद्रापुढे कॅन घेऊन कोण उभं राहणार?

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक विनंती. मालवणच्या समुद्रातही पोवळी आहेत. पण १९७२ च्या वन्य जीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून त्यांचा समावेश आहे. वाघाला जे संरक्षण, तेच पोवळ्याला. म्हणून शाळेच्या कपाटासाठी तुकडासुद्धा उचलू नका. त्याऐवजी दोन भांड्यांत सारखंच मिठाचं पाणी घेऊन उन्हात ठेवा. रोज एकात गोडं पाणी घालून रेघ गाठा, दुसऱ्यात खारं. आठ दिवसांनी दोन्ही आटवा आणि तळाशी उरलेलं मीठ मुलांना तोलू द्या.

माझी चूक मुलांना खुशाल सांगा. ती हसतील, पण विसरणार नाहीत.