साखळ्या सामानाच्या तळाशी



बाहेर वैशाखाचे ऊन तापले असताना बर्फावरच्या सहलीची हकिकत ऐकवावयाची, म्हणजे श्रोत्यांना चिडविल्यासारखेच आहे. शिवाय आम्ही स्की खेळण्यात तरबेज आहोत असेही नाही. नोकरीच्या निमित्ताने काही वर्षे म्युनिकला राहिलो आणि मुलांच्या हट्टाखातर थोडेफार घसरायला शिकलो, इतकेच. तेव्हा डोंगरावरचे पराक्रम बाजूला ठेवून, कुटुंबाची मोटार घराबाहेर कशी पडते तेवढेच आज सांगणार आहोत.

तिकडे फेब्रुवारीच्या सुमारास शाळांना आठवडाभर सुटी पडते आणि डोंगरातील घरे बहुधा शनिवार ते शनिवार अशी भाड्याने मिळतात. परिणाम उघड आहे. गणपतीच्या आदल्या दिवशी मुंबई-गोवा रस्ता ज्यांनी पाहिला असेल त्यांना आम्ही वेगळे काय सांगावे? ही गर्दी मोडावी म्हणून फ्रान्सने आणि हॉलंडने देशाचे तीन-तीन विभाग पाडून शाळांच्या सुट्या मागेपुढे केल्या आहेत. जर्मनीत तर प्रत्येक राज्याचे वेळापत्रक निराळे. तरी रांगा लागायच्या त्या लागतातच.

म्हणून तयारी आधी करावी लागते. साधारण सात अंशांखाली उन्हाळी टायरचे रबर कडक होऊ लागते व त्याची पकड कमी होते. हिवाळी टायरचे रबर थंडीतही मऊ राहते. ऑस्ट्रियात १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल या काळात रस्ता बर्फाळ असला की असे टायर कायद्यानेच लागतात, आणि त्यांच्या खाचा निदान ४ मिलिमीटर खोल असाव्या लागतात. काच धुण्याचे पाणी गोठू नये म्हणून त्यात औषध घालावे लागते. आणखी एक गोष्ट आमच्या घरी वादाची ठरली. मुलांना जाड कोट घालून मोटारीचा पट्टा बांधू नये. कोट फुगीर असतो, पट्टा अंगाला घट्ट बसत नाही आणि धक्क्यासरशी मूल पुढे जाते. त्या वर्षी आमच्या आई सांगलीहून आल्या होत्या. त्या सूनबाईला म्हणाल्या, "अगं, एवढ्या थंडीत लेकरांचे कोट कसले काढतेस?" त्यांची समजूत घालण्यात पाव तास गेला.

एवढे सगळे केले. राहिल्या त्या टायरवर चढवावयाच्या साखळ्या. नव्या कोऱ्या, पिशवीतून न काढलेल्या. आदल्या रविवारी अंगणात सराव करावयाचा होता. त्या दिवशी पाहुणे आले. वजनदार म्हणून साखळ्या सामानात सर्वांत खाली गेल्या. वर बूट, त्यावर बॅगा आणि सर्वांत वर आईंचा दशम्यांचा डबा.

पहाटे पाचला निघावयाचे ठरले होते. धाकट्याचा एक हातमोजा सापडेना, आणि असे करता करता अकरा वाजले. गार्मिश मागे पडले. १९३६ च्या हिवाळी ऑलिंपिकात डोंगरउताराच्या स्कीला प्रथम स्थान मिळाले ते याच गावी, हे आम्ही मुलांना मोठ्या उत्साहाने सांगितले. ती झोपली होती. पुढे १२१२ मीटर उंचीच्या फर्न खिंडीत रांग लागली ती हलेचना. एरवी अडीच तासांत पोहोचावयाचे त्या एट्झ गावी आम्ही अंधार पडताना पोहोचलो.

तेथून क्यूटाय सुमारे १२०० मीटर वर. वाटेत निळी गोल पाटी होती आणि तिच्यावर साखळी घातलेल्या टायरचे चित्र. चित्राचा अर्थ आम्हांला पुरता ठाऊक होता. पण बर्फ पडत होते, साखळ्या तळाशी होत्या आणि उशीर झाला होता. आम्ही म्हणालो, टायर चांगले आहेत, आणखी चार वळणे जाऊन पाहू.

तिसऱ्या वळणावर चाके जागच्या जागी फिरू लागली. ब्रेक दाबला तरी मोटार मागे सरकू लागली. सावकाश, एखादा माणूस नाइलाजाने पावले मागे घेतो तशी. कडेच्या बर्फाच्या ढिगाला टेकून ती थांबली. त्या ढिगापलीकडे काय होते ते अंधारात दिसले नाही, हे बरे झाले. मागे कोणी ओरडलेसुद्धा नाही. त्या शांततेची आठवण आजही नकोशी वाटते.

मग सर्वांना उतरवून कडेला सुरक्षित उभे केले, सामान बर्फात उपसले आणि बधिर बोटांनी साखळ्या चढविल्या. मागच्या चाकांना! आमच्या मोटारीला ओढतात पुढची चाके, हे त्या घाईत ध्यानातच आले नाही. खालून ट्रॅक्टर घेऊन एक शेतकरी आला. त्याने वाकून पाहिले आणि एकच शब्द उच्चारला, "फोर्न", म्हणजे पुढे. साखळ्या काढून पुढच्या चाकांना चढवायला त्याला दहा मिनिटेही लागली नाहीत. पैसे त्याने घेतले नाहीत. आईंनी दिलेली दशमी मात्र घेतली.

घरी परतल्यावर पहिल्याच रविवारी आम्ही अंगणात साखळ्या घेऊन बसलो. थोरला घड्याळ धरून उभा. पहिल्या खेपेस २३ मिनिटे लागली, चौथ्या खेपेस ९. त्या दिवशीही दारात पाहुणे आले होते. आईंनी त्यांना परस्पर चहा दिला.